कुसरवाडीचा तेलकातळ

पाहुणे, जरा वाऱ्याच्या या बाजूला उभे राहा. वेशीवरचा हा काळा, चिकट खडक म्हणजे तेलकातळ. ऊन चढलं की त्याची खवट घाण सुटते, माशा घोंगावतात. तरी तो कुणी धूत नाही.

असं सांगतात, फार पूर्वी इथे अंतोबा वैद्य नस्य द्यायचा, म्हणजे नाकात औषधी तेल सोडायचा. पडसं, अर्धशिशी घेऊन लांबलांबून माणसं यायची. तेल कढवायचं, बुधला भरायचा, हे काम त्याच्या बायकोचं, चिमाईचं. गर्दी वाढली तसा अंतोबा जुन्याच तेलावर नवं ओतून घेऊ लागला. कापसाचा बोळाही एकच, याच्या नाकातून काढून पुन्हा बुधल्यात बुडवायचा, की त्याच्या नाकात.

"अहो, वास मारतंय तेल," चिमाई म्हणायची.

"औषध आहे, अत्तर नव्हे."

मग म्हणे कुंभाराच्या पारूला, नऊ वर्षांच्या पोरीला, अंगात ताप असताना त्याने नस्य दिलं. चौथ्या दिवशी तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, नाकातून हिरवा पू वाहू लागला. चिमाई तिची विचारपूस करायला गेली, तर उशीवर पू सुकलेला, त्यावर माशा. तो वास तिने ओळखला. घरच्या बुधल्याचाच.

घरी येऊन तिने बुधला कलंडवला. तळाशी शेंबडाच्या तारा, झुरळाचे पाय, वर बुरशीची साय. तिला भडभडून ओकारी आली. पण त्याहून किळस आली ती स्वतःच्या हातांची. वर्षभर त्याच हातांनी तो भरला होता.

सकाळी भरल्या गर्दीत तिने बुधला नवऱ्यापुढे ठेवला.

"आधी तुमच्या नाकात घाला."

"वेड लागलं का तुला?"

"घाला."

त्याने बोळा बुडवला, नाकाशी नेला आणि सगळ्यांदेखत ओकला. माणसं एकेक करून उठली, थुंकली, निघून गेली.

चिमाईने तो बुधला इथे रिता केला. म्हणाली, "हा कातळ धुवायचा नाही. नाकं मुरडत राहा."

अंतोबाने पुन्हा औषधाला हात लावला नाही. पुढे नस्य चिमाईच देऊ लागली. ताजं, कोमट, मोजके थेंब, ज्याला त्याला वेगळा कापूस. अंगात ताप असला की माघारी पाठवायची. पारू जगली, पण तिला पुन्हा कसलाच वास आला नाही.

आजही उरलेलं तेल त्याच दिवशी या कातळावर ओततात. आणि नस्यापूर्वी पारूच्या घराण्यातली बाई तेल हुंगते. तिने मान डोलावली, तरच रोगी आडवा होतो.