बोटभर ढील

फार जुनी गोष्ट नाही, पण ज्या मोटारसायकलची आहे ती आता भंगारातही सापडायची नाही. मालन नावाची मुलगी ती शर्यतीत दगडधोंड्यांवरून उड्या मारत चालवायची. गाडीची चेन दस्तगीर मिस्त्री मुद्दाम बोटभर ढिली ठेवायचे. मागच्या चाकातले स्पोक मात्र चेनला रोज टोचून बोलायचे, "आम्ही बघ कसे ताठ. तू आपली लोंबतेस ओल्या दोरीसारखी."

चेनला ते फार लागायचं. एकदा शर्यतीच्या सकाळी मिस्त्री चाकाचे नट सैल करून चहाला गेले, तेव्हा ती चाकाला म्हणाली, "दादा, जरा मागं सरका की." चाक भोळं, सरकलं. चेन तारेसारखी ताणली गेली. मिस्त्री परत आले आणि घाईघाईत चेनखाली बोट लावून ढील न बघताच त्यांनी नट आवळले.

पहिल्या दगडापर्यंत चेनचा तोरा टिकला. तिथून गाडी खाली आदळली, मागचं चाक वर दाबलं गेलं आणि चेनला जास्तीचा ताण बसला. तो सोसायला तिच्यापाशी काहीच शिल्लक नव्हतं. कडी तुटली आणि मालन थेट बाभळीच्या काट्यांत जाऊन पडली.

मिस्त्रींनी नवी कडी घातली, पुन्हा बोटभर ढील ठेवली, आणि या वेळी मालनला गाडीवर बसवून चेनखाली बोट लावून पाहिलं.

"लागलीस पुन्हा लोंबायला?" स्पोक म्हणाले.

"लागले," चेन म्हणाली. "ही ढील माझी नाही. पुढच्या दगडाची आहे."