फळीची खालची बाजू

एकदा एका आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची फळी डुगडुगू लागली. एवढ्याशा गोष्टीवरून कथा कशी होणार, असे कोणालाही वाटेल. पण मोठ्या घरांतले बहुतेक बिघाड असेच कुठेतरी डुगडुगण्यापासून सुरू होतात, आणि आपण खाली कागदाची घडी सरकवून पुढे जातो.

आश्रम नदीकाठी होता. वाटसरू, गोसावी, बाजाराला निघालेली माणसे, जो कोणी दुपारी दारात येईल त्याला पान वाढायचे, असा तिथला नेम होता. आश्रमाचे प्रमुख वृद्ध आचार्य आता फारसे बोलत नसत. स्वयंपाकघराची सारी व्यवस्था त्यांनी नरहर नावाच्या शिष्याकडे सोपवली होती, आणि प्रत्यक्ष चूल होती तुळाजीच्या हाती. तुळाजी हा आश्रमाचा जुना आचारी. त्याच्या हातच्या आमटीची ख्याती पंचक्रोशीत पसरली होती. काही गोसावी तर वाट वाकडी करून यायचे आणि दर्शनाचे निमित्त सांगायचे.

नरहर मोठा व्यवस्थित माणूस होता. त्याच्या व्यवस्थितपणाला इतर शिष्य जरा घाबरतच असत. दगडी ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली चिंचेच्या लाकडाची ती फळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. रोजची भाजी चिरून झाली की तो स्वतः तिच्यावर जाडे मीठ पसरी, लिंबाची फोड घेऊन लाकडाच्या रेषेरेषेने घासे, ओल्या फडक्याने पुसून घेई आणि मग कोरड्या फडक्याने. लसणाचा वास नाही, हळदीचा डाग नाही. अधूनमधून जवसाचे तेल कोमट करून तो ते फळीत जिरवी. येणारा-जाणारा त्या तुकतुकीत फळीवरून हात फिरवून म्हणे, निगा राखावी तर अशी. नरहर वरवर संकोच दाखवी, पण हे वाक्य त्याला आवडे.

तीच फळी डुगडुगू लागली. एके सकाळी तुळाजी भोपळा फोडत असताना ती एका बाजूला कलली, सुरी सटकली आणि त्याच्या बोटाला खोल जखम झाली. नरहरने धावत जाऊन हळद दाबली, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तुळाजी त्याच्यापाशी आला आणि म्हणाला की पौर्णिमेचा उत्सव पार पडला की आपण गावी जाणार, कायमचे. आश्रमाने दुसरा आचारी बघावा.

नरहरच्या पायाखालची जमीन सरकली. तुळाजी गेला तर चूल कोण सांभाळणार? शिष्यांना वेद येत होते, वरण येत नव्हते. दारात आलेला माणूस उपाशी परत जाणार, आणि तेही आपल्या कारकिर्दीत, या विचाराने त्याला जेवण जाईना. बोटाचाच राग असणार, असे त्याने ठरवून टाकले. त्याने तुळाजीसाठी नवी सुरी मागवली. चुलीपुढे बसायला रुंद पाट करवला. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून छपराला झरोका पाडून घेतला. हाताखाली एक माणूस देऊ म्हणाला. चार पाहुण्यांदेखत त्याच्या आमटीची तोंड भरून स्तुती केली. तुळाजीने प्रत्येक वेळी हात जोडले आणि म्हटले, चांगलं केलंत महाराज, पण मी जातो.

शेवटी नरहर आचार्यांकडे गेला. त्याने दोन्ही दुखणी एका दमात सांगितली: आचारी जातो आहे, आणि फळी वाकली आहे. आचारी थांबत नसेल तर निदान फळी तरी सुताराकडून रंधून घ्यावी, म्हणजे उत्सवाची तयारी अडायची नाही. आचार्यांनी आचाऱ्याविषयी काहीच विचारले नाही. ते काठी टेकत उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथे त्यांनी फळी ओट्यावरून उचलायला लावली. खालचा दगड ओला होता. ओटा रोज पाण्याने धुतला जाई आणि ते पाणी फळीखाली झिरपून तिथेच राही. फळीची खालची बाजू काळसर, फुगलेली होती, आणि तिला कुबट वास येत होता. ती बाजू नरहरने कधी पाहिलीच नव्हती. त्याने वरमून तिच्यावर मीठ घासायला घेतले, तेव्हा आचार्यांनी त्याला थांबवले. आधी वाळू दे, म्हणाले. फळी पडवीत, सावलीत, भिंतीपासून जरा दूर उभी करायला लावली, दोन्हीकडून वारा लागेल अशी. उन्हात ठेवली तर लवकर वाळेल, असे नरहरने सुचवून पाहिले. लवकर वाळेल आणि लवकर तडकेल, असे उत्तर मिळाले.

उत्सव जवळ येत चालला होता. तुळाजी तोवर एका जुन्या पाटावर, गुडघे पोटाशी घेऊन भाजी चिरत होता. फळी पुरती सुकल्यावर खालची काळी बाजू मीठ-लिंबाने घासली गेली, पुसली गेली, पुन्हा वाळली. मग आचार्यांनी जवसाच्या तेलाची लोटी मागवली. तेल थोडेच उरले होते. पुढच्या बाजाराशिवाय घाण्यावरून नवे येणार नव्हते. नरहरच्या मनात होते की उत्सवात शेकडो माणसे येणार, तेव्हा वरची बाजू चांगली चमकली पाहिजे. आचार्यांनी फळी पालथी घातली आणि सगळेच्या सगळे तेल त्या खालच्या बाजूवर ओतले. ते बराच वेळ तेल चोळत राहिले. वरच्या बाजूला त्यांनी शेवटी हाताला लागलेले तेल तेवढे पुसले.

नरहरला राहवले नाही. त्याने विचारले, की गुरुजी, त्या बाजूवर कोणी काही चिरत नाही, ती कोणाला दिसतही नाही, मग सारे तेल तिलाच का?

आचार्य हात पुसत बसले. मग म्हणाले, "तू फळीची निगा राखत नव्हतास, नरहर. तू तुझ्या उपयोगाच्या बाजूची निगा राखत होतास. वर आपण चिरतो, म्हणून वर मीठ, लिंबू, तेल. खालची बाजू आपल्या कामाची नाही, म्हणून ती पाण्यात. पण लाकडाला काय ठाऊक की आपली कामाची बाजू कोणती? ते आरपार एकच असते. एक बाजू सुखात आणि एक पाण्यात राहिली की ते वाकते. मग आपण म्हणतो, एवढे तेल दिले तरी वाकडीच."

हे सारे फळीविषयीच चालले आहे, अशी नरहरची अजून समजूत होती.

"तुळाजीला काय काय दिलेस?" आचार्यांनी विचारले.

नरहरने सांगितले. सुरी, पाट, झरोका, मदतनीस, चारचौघांत कौतुक.

"हे सगळे आचाऱ्याला दिलेस. तुळाजीचा जो भाग स्वयंपाक करत नाही, त्याला काय दिलेस?"

एवढे बोलून ते उठले. जाता जाता त्यांनी फळीखाली दोन लाकडी पट्ट्या घालायला सांगितल्या, म्हणजे खालून वारा खेळेल आणि दगडाचे पाणी लाकडाला लागणार नाही.

इथे एखादा हुशार शिष्य असता तर त्याने तत्क्षणी गुरूचे पाय धरले असते आणि गोष्ट संपली असती. नरहरला मात्र आधी राग आला. एवढी वर्षे आपण राबतो आहोत, आणि आपल्यालाच बोल! तो नदीवर जाऊन बसला. तिथे बसल्याबसल्या तुळाजीविषयी आपल्याला काय काय माहीत आहे, हे तो आठवू लागला. आमटीत तो चिंच कधी घालतो हे माहीत होते. भाकरी थापताना कोणता हात पुढे असतो हे माहीत होते. त्याचे गाव कोणते, हे त्याला आठवेना. राग कुठे गेला ते त्यालाही कळले नाही. नुसती लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुळाजीशेजारी जमिनीवर बसला आणि गवार मोडू लागला. तुळाजीने एकदा वळून पाहिले आणि चिरणे चालू ठेवले. बऱ्याच वेळाने नरहरने विचारले, "तुळाजी, गावाकडे कोण असतं तुमचं?"

सुरी चालायची थांबली.

"आता कुणी न्हाई," तुळाजी म्हणाला. "पोरगी हाय, ती सासरी. घरला कुलूप हाय."

"आणि घरच्या बाई?"

"गेली की. गेल्या जेठात. म्या गेलो न्हवतो का गावाला?"

तुळाजी गेल्या ज्येष्ठात गावी गेला होता, हे नरहरला चांगलेच आठवत होते. ते दिवस मोठ्या हालाचे गेले होते. शिष्यांनी आळीपाळीने शिजवलेले अन्न पाहून एक वाटसरू पानावरून उठला होता. घरी अडचण आहे, असे तुळाजी सांगून गेला होता. कसली अडचण, हे नरहरने विचारले नव्हते. कधी परत याल, एवढेच विचारले होते.

"तिचे दिवस करून आलो," तुळाजी पाटाकडे बघत सांगू लागला. "दारात पाय ठेवला तर तुम्ही समूरच हुता. तुम्ही म्हणलात, बरं झालं आलात तुळाजी, आमटीला चवच न्हवती. मला बी काय सुचंना. मग आमटीच टाकली चुलीवर. ती आमटी तिनंच शिकवलेली, महाराज. कारळं भाजून घालायचं तिचंच. ढवळत हुतो आन् वाटत हुतं, कुणीतरी इचारंल. माणसं मागून मागून जेवली त्या दिवशी."

नरहरच्या हातातली गवार तशीच राहिली. ते वाक्य त्याने स्तुती म्हणून उच्चारले होते. ते बोलताना आपण हसत होतो, हेही त्याला आठवले. क्षमा मागावी असे त्याच्या फार मनात आले, पण तेव्हा तोंडातून निघाले ते वेगळेच.

"काय नाव होतं त्यांचं?"

"अनुसया," तुळाजी म्हणाला. हे नाव त्याने बऱ्याच दिवसांत मोठ्याने घेतले नसावे, कारण ते त्याने पुन्हा एकदा उच्चारले. मग बोलू लागला. तिला विंचवाची भीती नव्हती पण ढगांच्या गडगडाटाची होती, ती त्याच्याहून उंच होती आणि त्यावरून लग्नात लोक हसले होते, जात्यावर बसली की शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाई एवढ्या मोठ्याने गायची आणि सुरात एकही ओळ नसायची. नरहर ऐकत राहिला. चूल विझत आली, ते दोघांच्याही ध्यानात आले नाही. त्या दिवशी पंगत फार उशिरा बसली. आचार्य इतरांबरोबर रिकाम्या पानापुढे शांत बसून होते आणि कोणी कुरकुर करू लागले की त्याला पाणी पाजत होते.

बोलता बोलता हेही कळले, की तुळाजीला कायमचे असे जायचेच नव्हते. येत्या ज्येष्ठात तिचे वर्षश्राद्ध होते. त्यासाठी सुटी मागावी, तर पुन्हा आमटीचे काय, असे कोणीतरी म्हणेल आणि ते आपल्याला सोसणार नाही, असे त्याला वाटले होते. त्यापेक्षा सगळेच सोडून जाणे त्याला सोपे वाटले.

तुळाजी पुढे आश्रमातच राहिला, हे आताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. फळीही हळूहळू सरळ झाली, अगदी सुतासारखी नाही, पण चिरताना हलेनाशी झाली. नरहर तिला आता दोन्ही बाजूंनी तेल देई.

मात्र ज्येष्ठात त्याने एक गोष्ट केली, ती त्याला कोणी सांगितली नव्हती. तुळाजी गावी निघाला तेव्हा तोही पिशवी घेऊन बरोबर निघाला. आश्रमातल्यांनी विचारले, की मग दारात येणाऱ्यांचे काय? नरहरने सांगितले की शिष्य करतील ते लोकांनी खावे, आणि नाही आवडले तर आम्ही परत येईपर्यंत आवडून घ्यावे. आचार्यांनी मान डोलावली.

गावात तुळाजीचे कुलूप उघडले गेले. दोघांनी मिळून घर झाडले, सारवले. मुलगी सासरहून आली. श्राद्धाच्या दिवशी तुळाजी सवयीने पहाटेच चुलीकडे वळला, तेव्हा नरहरने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. आज तुम्ही या घरचे यजमान आहात, म्हणाला. सगळा स्वयंपाक त्याने केला. भात गिजगोळा झाला आणि भाजीत मीठ जास्त पडले. शेजारीपाजारी जेवून गेले, कोणी नावे ठेवली नाहीत. मग नरहरने तुळाजीला पाटावर बसवले आणि वाढायला घेतले. तुळाजी मान खाली घालून सावकाश जेवू लागला. दुसरा भात वाढताना नरहरच्या ध्यानात आले, की एवढ्या वर्षांत या माणसाला आपण जेवताना आज पहिल्यांदा पाहतो आहोत.