माठातले काळे खडे

माणसं आभाळाला उघडउघड घाबरायची, त्या काळची ही गोष्ट. डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात मावळतीकडे एके संध्याकाळी नवीच चांदणी दिसली. ती इतकी लखलखत होती की बायकांनी दारं लावून घेतली. ही वाढत गेली तर खोरं जळणार, असं जो तो म्हणू लागला.

गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने चार टेकड्यांवर चौघांना बसवलं. कुंभारीण, तेली, धनगर आणि कोळी.

"शेजारच्या जुन्या चांदणीशी ताडून बघा," तो म्हणाला. "कालच्याहून मंद दिसली तर खाली येऊन चावडीवरच्या माठात पांढरा खडा टाका, वाढली तर काळा. ज्या दिवशी काळे जास्त पडतील त्या रात्री गाव घाट ओलांडेल. आणि खडा टाकेपर्यंत आपसात अवाक्षर बोलायचं नाही."

कुंभारणीला आधी घर आठवलं. तिची सून दहा दिवसांची बाळंतीण होती, आणि घाटातला गारठा तान्ह्याला सोसणारा नव्हता.

सात दिवस पांढरेच खडे पडले. आठव्या दिवशीही तिला चांदणी मंदच दिसली. पण खाली उतरताना चारही वाटा मिळतात तिथे तेल्याने तिघांना गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आज वाढल्यासारखी वाटली का गं?"

धनगर थबकला. "वाटली खरी," तो पुटपुटला. कोळ्याने मान डोलावली.

कुंभारीण मनातून हादरली. हे तिघं म्हणतात, मग माझेच डोळे फसले असतील. उद्या गाव जळालं तर बोल मलाच लागेल. तिने काळा खडा टाकला. चारही खडे काळे निघाले.

रातोरात गाव निघालं. दुसऱ्या संध्याकाळी घाटमाथ्यावरून सगळ्यांनी पाहिलं, तर चांदणी जेमतेम दिसत होती.

"मला कालही मंदच दिसली होती," कुंभारीण म्हणाली.

"मलाही," कोळी म्हणाला. धनगरानेही तेच कबूल केलं.

तेली रडकुंडीला आला. "मलाही मंदच दिसली होती. भीती वाटली म्हणून मी नुसतं विचारलं."

गाव परत फिरलं. घरं होती तशीच होती, उभ्या पिकालाही काही झालं नव्हतं. कुंभारणीच्या घरचा पाळणा मात्र रिकामा राहिला. बाळाला घाटातच थंडी बाधली होती.

तात्पर्य: आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्याच्या भीतीपायी बदलू नये.