वडसावरची नखाई

सातपुड्याच्या पायथ्याला वडसावर नावाचं गाव आहे. गावात शिरताना झऱ्याच्या काठी कमरेएवढा काळा दगड लागतो. बोटं घासून घासून त्याच्या माथ्याला खळगा पडला आहे. त्याला नखाई म्हणतात. तान्हं मूल बघायला निघालेली बाई, मग ती आजी असो की पाहुणी, आधी इथे थांबते. उजव्या अंगठ्याचं नख दाताने तोडते, दगडाच्या पायथ्याशी थुंकते, नखाची उरलेली कड दगडावर घासते आणि झऱ्याच्या पाण्याने चूळ भरते. मगच ती मुलाला हात लावते. नवखे लोक नाक मुरडतात. कुणी तोंडावर म्हणतं, "शी, काय ही घाणेरडी चाल!" मुरडू द्यावं नाक. चाल घाणेरडीच आहे, आणि बघणाऱ्याला किळस यावी म्हणूनच ती पडली, असं जुनी माणसं सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, या झऱ्यापासून थेट डोंगराच्या उतारापर्यंत अफूची शेतं होती. थंडीत पांढरी फुलं यायची, आणि ती इतकी देखणी की वाटसरू गाडी थांबवून बघत राहायचा. पाकळ्या गळल्या की हिरवी बोंडं उरायची. उन्हं कलली की बाया बोंडांना बारीक सुरीने चिरा द्यायच्या. चिरांतून दुधासारखा चीक पाझरायचा, सकाळपर्यंत तपकिरी होऊन बोंडाला चिकटून बसायचा, आणि तो खरवडून मडक्यात भरायचा. त्याला वास यायचा, कुजलेल्या गवताचा आणि बुरशीचा, आणि त्यातच काहीतरी गुळचट. राखेने हात घासले तरी जायचा नाही. भाकरीला तोच वास, पदराला तोच, नवऱ्याच्या तोंडालाही तोच.

पुरुष बोंडं उकळून त्याचं पाणी प्यायचे. दुपारी पारावर ओळीने बसलेले दिसायचे. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबलेला, हनुवटीवर लाळ, आणि एक हात सारखा मांडी खाजवतोय. बोलता बोलता अर्धं वाक्य तोंडातच विसरायचे. पोट साफ होऊन कुणाला किती दिवस झाले, याच्याच गप्पा चालायच्या, आणि त्याही चवीने.

याची लाज कुणालाच नव्हती. उलट गावाला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. वडसावरात मूल रडत नाही! चीक खरवडताना बायांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली थोडा साठायचा. बांधावर मूल कुरकुरलं की आई तोच अंगठा त्याच्या तोंडात द्यायची. मूल चोखायचं आणि निजायचं, ते दिवस मावळेपर्यंत. म्हणून बाया तेवढं एक नख मुद्दाम वाढवायच्या. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे म्हणायचे, "काय शांत पोरं हो तुमची! आमची तर घर डोक्यावर घेतात."

नर्बदा अशाच एका सोयरिकीने या गावात आली. ती मेंढपाळाची लेक. तिच्या माहेरी पोरं, कोकरं, कुत्री सगळी एकदम ओरडायची, आणि त्या गलक्यातच तिला झोप लागायची. इथे पहिल्याच दिवशी ती शेताकडे गेली, तर बांधावरच्या झाडांना झोळ्या टांगलेल्या आणि एकीतूनही हूं की चूं नाही. तिने एका झोळीत वाकून पाहिलं. मुलाचा डोळा अर्धा उघडा होता. डोळ्यावर माशी चालत होती, आणि मूल पापणी हलवत नव्हतं.

नर्बदाने माशी हाकलली. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्या पोराला काय झालंय?"

सासू धुरपदा हसली. "काय व्हायचंय? शहाणं आहे ते. तुमच्या मेंढवाड्यातलं नव्हे."

धुरपदा मनाने वाईट नव्हती. तिची बरीच मुलं तान्हेपणीच गेली होती. एक वाचला, त्याचं नाव तिने धोंडू ठेवलं. दगडाला कोण नेतं, म्हणून. तोच नर्बदाचा नवरा. नर्बदाला मुलगा झाला तेव्हा धुरपदानेच त्याचं नाव केरू ठेवलं. केर समजून तरी देवाने याला सोडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आपल्या मुलाला चीक द्यायचा नाही, असं नर्बदाने सुरुवातीला ठणकावून सांगितलं. पण सुगी आली. केरू रडला की सगळं शेत कामं टाकून तिच्याकडे बघायचं. कंबर मोडून आलेली, छातीला दूध आलेलं, आणि हातातली बोंडं सोडता येत नाहीत. एक दिवस सासूने अंगठा पुढे केला, आणि नर्बदाने मान दुसरीकडे वळवली. मग ती रोजच मान वळवू लागली. पुढे तिचंही नख वाढलं.

केरू शहाणा झाला. त्याचं पोट हाताला दगडासारखं लागायचं. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली. छातीशी धरला तर एक-दोन घोट घेऊन तोंडात दूध तसंच ठेवून निजायचा, आणि ते आंबट होऊन ओठांच्या कडेने गळायचं. शेजारणी म्हणायच्या, "आता कसा माणसात आला!"

एके दुपारी त्याला खोकला होता, म्हणून धुरपदाने त्याला अंगठा जरा जास्त वेळ चोखू दिला. नर्बदा पाणी प्यायला बांधावर आली. झोळीत पाहते तर केरूचे ओठ जांभळाच्या रंगाचे, आणि डोळ्यावर माशी. पहिल्या दिवशी पाहिली तशीच.

तिने त्याला उचललं. मान लुळी पडली. श्वास होता, पण इतक्या वेळाने यायचा की दोन श्वासांच्या मध्ये माणूस मरून जाईल. नर्बदाला औषध ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की जन्मल्यावर कोकरू श्वास घेत नसेल तर बाप त्याला काय करतो. ती मुलाला घेऊन झऱ्यावर धावली. त्याला गार पाण्यात बुडवलं, वर काढलं, काळ्या दगडावर ठेवून पाठ खसाखसा चोळली, तळव्यांवर चापट्या मारल्या, गवताची काडी नाकात घातली, आणि पुन्हा पाण्यात.

बाया जमल्या. शेजारची काशाबाई ओरडली, "अगं अवदसे, लेकराला मारतेस? आई आहेस का कोण?"

"मेंढपाळाची ना ती!" दुसरी म्हणाली. "लोकर निघेल असं वाटलं असेल." आणि दोघी-तिघी हसल्या.

धुरपदा हात पसरून पुढे आली. "आण इकडे. निजलंय ते."

"निजलेलं लेकरू निळं पडतं का, आत्याबाई?"

नर्बदाने मुलाच्या ओल्या तळव्यावर पुन्हा चापटी मारली. हात मारत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने त्या दगडालाच हाक मारली, म्हणे. "बाई, तू जी कोण असशील ती, ह्याला रडव. हा रडला तर जन्मात ह्याला गप्प म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाच्या लेकरालाही म्हणू देणार नाही."

केरूच्या छातीत काहीतरी खरखरलं. तो तपकिरी, चिकट असं काहीतरी दगडावर ओकला. मग त्याने तोंड वासलं आणि रडला. मांजराच्या पिल्लासारखा, बारीक. त्या गावात तो आवाज कुणी किती दिवसांत ऐकला नव्हता.

पण खरी परीक्षा पुढे होती. मूल रडायला लागलं ते थांबेना. अंगाला घाम, हातपाय थरथर कापतात, नाक वाहतंय, दगडासारखं पोट एकदम सुटलं आणि हिरवं पाणी जाऊ लागलं. एक धडपं बदलावं तोवर दुसरं भरायचं. घरभर आंबूस घाण. दिवसामागून दिवस तेच. पारावरचे पुरुष कावले. धोंडू तारवटलेल्या डोळ्यांनी दारात येऊन म्हणाला, "दे की जरासं. मोहरीएवढं दे. लेकराचे हाल बघवत नाहीत गं."

"मग बघू नका," नर्बदा म्हणाली.

ती बोलली, पण दमून तिचा डोळा लागला. जाग आली ती शांततेने. रडणं थांबलं होतं. तिचा स्वतःचा अंगठा केरूच्या तोंडात होता. मायेने, सवयीने, झोपेतच गेलेला. नखाखाली काळी रेघ होती, आणि मूल डोळे मिटून ती चोखत होतं.

नर्बदाने हात ओढून घेतला. मुलाच्या तोंडात बोट घालून होतं तेवढं पुसून काढलं. मग तशीच त्याला काखेत मारून झऱ्यावर गेली, दगडापुढे उभी राहिली आणि ते नख दातांनी तोडलं. तो कडू चीक तिच्या जिभेवर उतरला. पारावरच्या सगळ्या लोंबत्या ओठांची, त्या सगळ्या लाळेची चव तिला तोंडात आली. पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत ती ओकली, थुंकली, पुन्हा ओकली. उरलेलं नख तिने दगडावर घासलं, कातडी सोलवटली तरी घासत राहिली. केरू पुन्हा किंचाळायला लागला होता.

तिच्या मागे धुरपदा येऊन उभी राहिली होती. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती.

"नर्बदे," ती हळूच म्हणाली, "माझीही अशीच निळी पडली होती गं. सगळीच. मी म्हणायची, देवाने झोपेतच नेली, हाल केले नाहीत."

नर्बदा बाजूला सरली आणि तिने सासूला दगडापाशी जागा करून दिली. म्हातारीचे दात पडलेले होते. तिने नख नुसतंच दगडावर घासायला घेतलं, आणि घासता घासता ती एकेका मुलाला नावाने हाक मारत होती. नावं ऐकून वाटेवरच्या बाया थांबल्या. काशाबाईने डोक्यावरचं मडकं खाली ठेवलं. त्यांच्याही घरची अशीच काही नावं होती, ज्यांना देवाने झोपेत नेलं होतं.

पुढच्या थंडीत वडसावरात पांढरी फुलं फुलली नाहीत. पुरुषांनी आरडाओरडा केला, काही जण गाव सोडून गेले, काही पारावर कुंथत, थरथरत बरे झाले. उतारावर जवस पेरलं. केरू मोठा झाला, आणि त्याचा आवाज इतका दणदणीत होता, म्हणे, की डोंगरावरून त्याने हाक दिली तर गावातली गुरं माना वर करायची.

आजही वडसावरात रडणाऱ्या मुलाला कुणी गप्प म्हणत नाही. घ्यावं, पाजावं, खांद्यावर टाकून फिरवावं. पण तो शब्द उच्चारायचा नाही. रस्त्याने जाणारी बाई रडणं ऐकून बाहेरूनच विचारते, "रडतंय का गं?" आणि आतून आई सांगते, "रडतंय, चांगलं रडतंय!" मग ती आपल्या वाटेने जाते. पण एखाद्या घरातून दुपारभर काहीच ऐकू आलं नाही, तर शेजारीण भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात येते, आणि आत वाकून विचारते, "का गं, तुझं लेकरू आज इतकं शांत का?"