तिसरी पायरी

आंबेघळीच्या डोंगरावर मकरेसाहेबाच्या हवेलीची आज एकच भिंत उभी आहे. तिच्यात शेकोटीचा कोनाडा, वर अर्धं धुराडं. पाहुणे म्हणतात, पावसानं हवेली खाल्ली. मग गावचे बजाबा गुरव भडकतात. "पावसाला कशाला बोल लावता? आमच्या मान्सांनी डोक्यावरनं वाहून आनली ती!"

असं सांगतात, की साहेब स्कॉटलंडचा. आपल्या मुलखातल्यासारखी हवेली बांधायची त्याला हुक्की आली. डोंगर सगळा काळ्या दगडाचा, पण खाण खणायचे कष्ट कोण घेतो? खाली गावाची बारव होती, तिच्या घडीव पायऱ्या आयत्या होत्या. त्या उपसायचा हुकूम सुटला, आणि तोही कुणाला? ज्याच्या आज्यानं त्या बसवल्या, त्या सटवाजी पाथरवटाला!

"साहेब, बाया पानी कशा भरतील?" सटवाजीनं हात जोडून विचारलं.

"दोर बांधा," साहेब म्हणाला. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

सटवाजीनं पहार उचलली, तेव्हा त्याला स्वतःचीच शरम वाटली. पण दगडाची जी बाजू भिंतीत गडप व्हायची, तिच्यावर तो गुपचूप छिन्नीनं रेघा मारत गेला. पायरी कितवी, तितक्या रेघा.

हवेली उठली. त्याच उन्हाळ्यात सटवाजीची सून राही दोराला धरून पाण्याला उतरली आणि हात सुटून बारवेत गेली. तिच्या ओल्या कपाळावर हात ठेवून त्यानं म्हणे शपथ घेतली, की पायऱ्या जागेवर आणीन, मी नाही तर माझं गाव.

दोन पावसाळे खोकून साहेब मायदेशी पळाला. पहिला दगड सटवाजीनं काढला. पुढं दरसाल राहीच्या तिथीला घरटी एक दगड खाली येऊ लागला. रेघा मोजायच्या, पायरी बसवायची.

पायऱ्यांपैकी एकच शिळा उरली, विटांच्या भिंतीतली, शेकोटीवरची. पुढून साहेबाच्या घराण्याचं चिन्ह, मागं फटीत हात घातला तर तीन रेघा. ती आणायला माणसं गेली, तोवर फलक लागला होता: 'पुरातन वास्तू. दगड हलवणे गुन्हा.' बारव उपसली तेव्हा हा गुन्हा कुठं झोपला होता, असं बजाबा विचारतात.

बारवेत तिसऱ्या पायरीच्या जागी दुसरा दगड बसवायला गाव तयार नाही. आजही नवी सून पहिल्यांदा पाण्याला उतरते, तेव्हा सासू दुसऱ्या पायरीवर तिचा हात धरते.

"हितं पाय टाकू नगंस, बाय. आपली पायरी साहेबाच्या घरात हाय."

आणि सून लांब ढांग टाकून चौथीवर उतरते.