राजाने कोंडलेला झरा

एक होता राजा. आणि आधीच सांगून ठेवते, मला तो मुळीच आवडत नाही.

हा राजा चेक देशातला. आत्यानं फोनवर फोटो दाखवले होते ना, तिकडचाच. त्याच्या मुलखात काय नव्हतं? डोंगरावर किल्ला होता. खाली रानात दगडांचं एक गाव होतं. म्हणजे नुसते सुळकेच हो, पण माणसं गप्पा मारत उभी असावीत तसे उभे. पलीकडे एक गुहा. आणि पायथ्याशी एक झरा. देवानं एवढं दिलं, तर गप सुखानं राहावं की नाही? पण ह्याला मिरवायचं होतं. त्यानं देशोदेशींच्या राजांना निरोप धाडले, की या आणि माझं वैभव बघा. माझं म्हणे. जसं काही ह्यानंच घडवलं होतं.

मग तो निघाला सगळं नीटनेटकं करायला. आधी गेला दगडांच्या गावात. तिथं गुराखी शेळ्या चारत होते. त्यांना त्यानं हाकलून दिलं. तर काय झालं, बरं का, सगळ्या सुळक्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मग गेला गुहेकडे. तिथं पोरं हाका मारायची आणि गुहा ओ द्यायची. ह्यानं पोरांना पिटाळलं आणि दाराला कुलूप घातलं. गुहा मुकी झाली. शहाणा माणूस इथंच थांबला असता. हा कसला थांबतोय! हा गेला झऱ्याकडे.

आता त्या गावाची एक रीत होती. तिकडे थंडीत सगळं गोठतं. म्हणून बर्फ वितळलं की बायका झऱ्यात उतरायच्या, हातानं गाळ उपसायच्या, कुजका पाला काढायच्या आणि गाणं म्हणून झऱ्याला उठवायच्या. उठवल्याशिवाय तो वाहायचाच नाही. राजा म्हणाला, चिखलानं बरबटलेल्या बायका पाहुण्यांना दिसल्या तर शोभा जाईल. त्यानं झऱ्यावर सोन्याची जाळी ठोकली आणि पहारा बसवला.

गावात बार्बोरा नावाची बाई होती. घरात लहान लहान पोरं आणि दुभती एकच गाय, बांडी. बार्बोरा थेट राजासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, झरा उठला नाही तर माझी गाय मरेल. मग पोरांना मी काय पाजू?"

राजा हसला. म्हणाला, पाहुणे जाईपर्यंत दम धर. मेल्याला स्वतःला कधी तहान लागली असती तर कळलं असतं. इकडे बांडी पाणी प्यायची कोरडी दगडी डोणी चाटायला लागली. दूध आटलं. मग एके दिवशी ती खाली बसली, ती उठेचना.

आणि त्याच दिवशी पाहुणे आले. सुळक्यांची पाठ बघून झाली. मुकी गुहा बघून झाली. फिरून फिरून सगळ्या राजांच्या घशाला कोरड पडली. राजा म्हणाला, चला, झऱ्याचं पाणी पाजतो. जाळी उघडली, तर आत कुजका पाला. मग त्यानं शिपायांना खणायला लावलं, नुसती धूळ उडाली. तुताऱ्या वाजवल्या, कावळे उडाले. शेवटी स्वतः ओरडला, मी राजा आहे, ऊठ. झरा काय त्याचा नोकर होता?

मग आला मुकाट्यानं बार्बोराच्या गोठ्यात. ती बांडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. राजा म्हणाला, तुला दुसऱ्या चांगल्या गाई देतो, पण झरा उठव. बार्बोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही.

"दुसरी नको. हीच उभी राहिली पाहिजे. मुकुट काढा आणि गाळात उतरा. तुमच्या पाहुण्यांनाही उतरवा."

मग काय करतात? उतरले. जरीचे अंगरखे, गुडघाभर चिखल. काठावर बायका कमरेवर हात ठेवून उभ्या, ह्या कोपऱ्यातला पाला राहिला, त्या कोपऱ्यातला राहिला, अशा चुका काढत. सगळ्या राजांची नखं काळी झाली, तेव्हा कुठं बायकांनी गाणं म्हटलं. जमिनीच्या पोटात गुडगुडलं. आणि आलं हो पाणी, खळाळत आलं.

राजा चांदीचा पेला घेऊन वाकला. बार्बोरानं त्याचा हात धरला.

"मागे व्हा. आधी गाय."

बायकांनी बांडीला दोरांनी सावरत, ढकलत तिथवर आणलं. ती प्यायली. पीत राहिली. देशोदेशींचे राजे चिखलाचे हात घेऊन तिच्या मागे रांगेत उभे राहिले, आणि कुणाची हूं की चूं करायची छाती झाली नाही. मग पोरं प्यायली, मग बायका, मग गुराखी आणि त्यांच्या शेळ्या. सगळ्यांत शेवटी राजे.

पुढे सगळे सुखानं राहिले. राजासुद्धा राहिला, राहू दे बापडा. बार्बोरानं त्याला माफ केलं का म्हणता? नाही केलं. मीपण नाही केलं. मिटा आता डोळे.