ठकाईचा उतार

धुराड्यांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीला कुंपण नाही. दिवाणखान्याच्या उंच खिडकीतून पाहिलं, तर गवत थेट समोरच्या डोंगरापर्यंत गेलेलं दिसतं. चालत गेलं की मात्र पायाशी अचानक खंदक येतो. त्याची बंगल्याकडची बाजू दगडी भिंतीची, सरळ उभी; पलीकडची गवताची, उतरती. एकाच जागी तो मातीने भरलेला आहे. त्या जागेला ठकाईचा उतार म्हणतात. बंगला दाखवणारे म्हातारे गेनू झोरे पाहुण्यांना तिथवर आणतात, गुडघा धरून खाली बसतात आणि सांगू लागतात. चालून चालून तोवर ऐकणाऱ्यांचेही पाय बोलू लागलेले असतात.

पूर्वी इथे धनगरवाड्यावरच्या म्हशी पाण्याला येत. हिरवळीतलं तळं हा त्यांचाच पाणवठा. मग म्हणे एक गोरा साहेब आला. त्याला विलायतेतलं बापाचं घर इथे जसंच्या तसं हवं होतं. तशीच धुराडी, तशाच खिडक्यांच्या रांगा, मधोमध तसाच दरवाजा. खिडकीतून गुरं चरताना दिसावीत, पण दारात येऊ नयेत, आणि कुंपण तर डोळ्यांना मुळीच खुपू नये. म्हणून हा लपवलेला खंदक. हौसेला मोल नाही म्हणतात; ते मोजावं लागतं मात्र दुसऱ्याच कोणाला तरी.

तळं खंदकाच्या आत राहिलं आणि म्हशींची वाट तुटली. त्यांना पाण्यासाठी दरीत उतरावं लागे. पहिल्याच उन्हाळ्यात वाड्यावरच्या ठकाईची गाभण म्हैस कड्यावरून गेली. तेव्हा ठकाई पाणवठ्याच्या देवीला बोलली, "म्हशी जुन्या वाटंनं पाण्याला आणीन, तवाच पाय पसरून निजंन." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती पाटीने माती आणून खंदकात ओतू लागली.

आणि ती सकाळी उपसायची कोणी? तिच्याच लेकाने, धाकलूने. खंदक साफ राहिला तरच धनगरवाडा डोंगरावर राहील, असं साहेबाच्या मुकादमाने त्याला बजावलं होतं. आईने म्हशींसाठी भरायचा, लेकाने घरांसाठी उपसायचा. इकडे आड, तिकडे विहीर. कोणाला चूक म्हणणार? कित्येक वर्षं हेच चाललं, असं सांगतात. ऐकूनसुद्धा अंग मोडून येतं.

धाकलूला सगळं ठाऊक होतं. ओल्या मातीवर आईच्या पावलांचे ठसे असत. त्यांवर फावडं घालताना त्याचा हात जड होई. रात्री एकाच चुलीपुढे दोघं भाकरी खात आणि खंदकाचं नावही काढत नसत.

"दमलास व्हय रं?" ती विचारी.

"न्हाई गं आये. तुजं पाय दुखत्यात?"

"माजं कशानं दुखतील?"

दोघंही खोटं बोलत. मग तो तिच्या पोटऱ्या चेपून देई.

एका पावसाळ्यानंतर ठकाईने अंथरूण धरलं. सकाळी धाकलू गेला, तर खंदक रिकामा. कोरडं फावडं घेऊन तो घरी परतला. आईने डोळे उघडले. "आज दमला न्हाईस?" तिने विचारलं. तो तिच्या पोटऱ्या चेपू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. पाय पोटाशी घेऊनच गेली. बायकांनी खूप खटपट केली, पण पाय काही सरळ होईनात.

तेव्हा धाकलूने खुंटीवरची पाटी काढली आणि तो खंदकात माती ओतायला लागला. वाड्यावरची माणसं त्याच्या मागोमाग आली. मुकादम ओरडत राहिला, धाकलूने मान वर केली नाही. दुपारपर्यंत उतार बांधून झाला आणि म्हशी त्यावरून चढल्या. साहेबाला खिडकीतून खंदक दिसतच नव्हता. गवतातून एकेक शिंगाळं डोकं वर येताना तेवढं दिसलं. तो घाबरला म्हणतात, लाजला असंही म्हणतात. उतार मोडा, असं मात्र पुन्हा कोणी म्हटलं नाही.

म्हशींनी पाण्याला तोंड लावलं आणि इकडे झोपडीत ठकाईचे पाय आपोआप सरळ झाले, म्हणे. धाकलू घरी येऊन तिच्या पायाशी बसला.

"व्हय आये," तो म्हणाला, "लई दमलो."

आजही या उतारावरून जाणारा आधी मूठभर माती काढून बाजूला टाकतो, ती लेकाची. मग मूठभर घालतो, ती आईची. मागून येणारा विचारतो, "दमलास?" इथे खोटं बोलायचं नसतं. दमलो म्हणायचं, आणि पाय पसरून घटकाभर बसायचं.